ऑपरेशनहून परतलेल्या मांजरावर बाकीची मांजरं फिस्कारतात, अंगावर जातात : काय करावं

तक्रार साधारण अशी असते. दोन-तीन मांजरं वर्षानुवर्षं एकत्र राहतायत, एकमेकांना चाटतात, एकाच गादीवर लोळतात. त्यातल्या एकाचं ऑपरेशन होतं. नसबंदी असो, दात काढणं असो, नाहीतर एखादी गाठ. संध्याकाळी ते घरी येतं आणि बाकीची त्याच्यावर फिस्कारतात, गुरगुरतात, कधी सरळ धावून जातात. आठवडाभराने जरा निवळतं, तोवर टाके काढायला पुन्हा दवाखान्यात न्यायची वेळ येते, आणि तिथून परतल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

अशा घरात दोन गोष्टी एकाच वेळी भरून यायच्या असतात, जखम आणि ओळख. जखमेला किती दिवस लागतील ते डॉक्टर सांगतात. ओळखीला किती लागतील ते मांजरं ठरवतात. बहुतेक घरांत घोळ होतो तो इथेच. टाके सुकले म्हणून दार उघडलं जातं, आणि ओळख तर अजून पटलेलीच नसते.

हे होतं कशामुळे

मांजर दुसऱ्या मांजराला नजरेपेक्षा नाकाने जास्त ओळखतं. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ, इथे त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं अंगाला अंग घासून, एकमेकांना चाटून सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार करतात आणि रोज तो ताजा करत राहतात. हा वास ज्याच्या अंगाला येतो ते घरचं.

ऑपरेशनला गेलेल्या मांजराच्या अंगावरून नेमका तोच पुसला जातो. केस भादरले जातात, कातडीवर क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीन यांसारखं जंतुनाशक चोळलं जातं. स्पिरिट, हातमोजे, शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा, सगळ्यांचे वास चिकटतात. भीतीने त्याच्या स्वतःच्याच गुदग्रंथींतून उग्र दर्प सुटलेला असतो, तो वेगळाच. दुसऱ्या मांजराला हा दर्प म्हणजे धोक्याची सूचना. घरी येऊन उभं राहतं ते त्यांच्या हिशेबी एक अनोळखी आणि घाबरलेलं जनावर.

त्यात त्याचं दिसणंही बदललेलं. केटामाइनसारख्या भुलीच्या औषधांमुळे डोळ्यांच्या बाहुल्या काही तास मोठ्या राहतात, नजर एका जागी खिळते, चाल लटपटते. मांजरांमध्ये न मिचकावता रोखून बघणं ही धमकी असते. ह्या बिचाऱ्याला धड शुद्धही नसते, पण समोरच्याला वाटतं की हा आव्हान देतोय. गळ्यात प्लास्टिकची कॉलर असेल तर डोक्याचा आकार बदलतो, चालताना ती दाराला, भिंतीला खडखडत घासते. अशा वेळी घरातलं मांजर फिस्कारलं तर त्याला मत्सरी किंवा दुष्ट ठरवू नये. ओरडू तर मुळीच नये. ओरडल्याने त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं की हा पाहुणा आला की घरात काहीतरी वाईट घडतं.

पहिली रात्र: वेगळी खोली, अपवाद नाही

मांजरं एकमेकांची कितीही लाडकी असोत, पहिले २४ तास परतलेल्याला बंद दाराआडच ठेवावं. भांडण हे एकच कारण नाही. भुलीतून नीट न सावरलेल्या मांजराला पळता येत नाही, उडी चुकते, स्वतःचा बचाव करता येत नाही. गमतीत मारलेला एखादा पंजाही टाक्यांवर बसू शकतो.

खोली आदल्या दिवशीच तयार करून ठेवावी. उंच कपाट, खिडकीची कड, चढता येईल असं काहीही शक्य तितकं काढून टाकावं किंवा अडवावं. पलंगाखालची फटही बंद करावी, कारण तिथे कोपऱ्यात शिरलेल्या मांजराला ओढून काढताना टाक्यांवर ताण येतो. पण लपायला जागा हवीच. आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं त्याला पुरतं आणि आपला हातही आत पोचतो. अंथरुणाला त्याच्या रोजच्या झोपण्याचं कापड द्यावं, न धुतलेलं. स्वच्छतेच्या हौसेने लोक नेमकं तेच धुऊन काढतात. कापडावर रक्त-घाण नसेल तर त्यातला वासच आपल्या कामाचा आहे.

भुलीनंतर शरीराचं तापमान उतरतं, म्हणून खोली उबदार असावी. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर जाड टॉवेलात गुंडाळून, आणि मांजराला तिच्यापासून सरकता येईल एवढी जागा सोडून. गुंगीतल्या मांजराला चटका बसला तरी ते हलत नाही.

कॅरियर, म्हणजे मांजराला ने-आण करायचा पिंजरा, थेट त्या खोलीत नेऊन उघडावा. रिकामा झाला की हॉलमध्ये ठेवू नये, कारण दवाखान्याचा सगळा वास त्यातच साठलेला असतो. त्याच्याभोवती घरातली बाकीची मांजरं आपापसातच तडकताना दिसतात. धुऊन, वाळवून मगच बाहेर ठेवावा.

वास घालवण्यासाठी मांजराला आंघोळ घालायचा मोह होतो. टाके असताना जखम भिजवायची नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. जखमेपासून लांबच्या केसांवरून साध्या पाण्यात पिळलेलं कापड फिरवलं तर चालतं. सगळ्या मांजरांना सारखीच पावडर, अत्तर किंवा सुगंधी तेल लावा म्हणजे सगळी सारखीच वासाला येतील, असाही एक सल्ला फिरत असतो. मला तो अजिबात पटत नाही. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं, आणि टी ट्रीसारखी तेलं मांजरांना सरळ विषारी आहेत.

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना काय चालू ठेवायचं

नुसतं कोंडून वाट बघितली तर दिवस जातात आणि ओळख आणखी पुसट होते. शिवाय आतल्या मांजराच्या अंगावर आता घरचा वास चढवायला कोणी नसतं. ते काम आपल्याला करावं लागतं.

परतलेलं मांजर पूर्ण शुद्धीवर आलं, खाऊ लागलं, की दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करता येते. एक स्वच्छ मोजा हातात चढवून बाहेरच्या मांजराच्या गालावर, हनुवटीखाली चोळायचा आणि तोच आतल्याच्या गाला-कपाळावर फिरवायचा. मग दुसऱ्या मोज्याने उलट दिशेने. जखमेच्या आसपास जायचं नाही. ज्या मांजराला हाताळलेलं आवडत नाही त्याचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत टाकायचं, तेवढ्यानेही काम होतं. ब्रश करायची सवय असेल तर एकच ब्रश सगळ्यांना, मात्र जखमेजवळ न नेता.

मोजा किंवा कापड पुढे केल्यावर बाहेरचं मांजर काय करतं ते नीट बघावं. हुंगून निघून गेलं किंवा गाल घासला, तर गाडी रुळावर आहे. फिस्कारलं, तर कापड जमिनीवर लांब ठेवायचं, त्याच्याजवळ खाऊ टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. कापडावर फिस्कारणाऱ्या मांजरासमोर प्रत्यक्ष मांजर आणण्यात अर्थ नाही.

पुढे दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन बाजूंना ठेवायच्या. आधी दारापासून लांब, मग जेवण सुरळीत झालं की थोडं थोडं जवळ. दाराच्या फटीतून पंजे मारण्याची लढाई चालत असेल तर फटीत टॉवेल कोंबून ठेवावा.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. बाहेर दोन मांजरं असली तर ती एकमेकांवरच घसरतात. दाराआडच्यावरचा राग समोर दिसेल त्याच्यावर निघतो. कधी आपल्या पायावरही. तापलेलं मांजर निवायला काही तास लागतात, कधी दिवसही. अशा वेळी हात मध्ये घालायचा नाही, समजूत म्हणून उचलून घ्यायचं नाही. मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवायची, दोघांची नजर तुटली की एकाला अंधाऱ्या शांत खोलीत जाऊ द्यायचं. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम लगेच मिटते आणि आत पू धरतो. माणसाला चावलं तर साबणाने भरपूर धुऊन डॉक्टर गाठावा, आणि चावरी जखम मांजराला झाली असेल तर पशुवैद्य.

फेरोमोनचे डिफ्यूझर (मांजरांना शांत करणारं, त्यांच्याच वासासारखं द्रव्य हवेत सोडणारी उपकरणं) लावावेत का, हे हमखास विचारलं जातं. काही घरांत फरक पडतो, काहींत काडीचा नाही. लावायचाच तर मांजर परत येण्याच्या आदल्या दिवशी लावावा, भांडण पेटल्यावर नाही. आणि त्याच्या भरवशावर वरच्या पायऱ्या गाळू नयेत.

दार कधी उघडायचं

दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावर. एक, जखमेला धक्का लागला तरी चालेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं असावं. मादीच्या नसबंदीत कातडीचे टाके सहसा १० ते १४ दिवसांनी निघतात. बोक्याची जखम छोटी असते, बऱ्याचदा टाकेही नसतात, त्यामुळे ती लवकर भरते. दोन, दाराच्या दोन्ही बाजूंना निवांत जेवण होत असावं. पहिली अट लवकर पुरी होणाऱ्या घरात दुसरीसाठी थांबायला लोक कंटाळतात. इथे कंटाळायचं नाही.

उघडायचं तेही बोटभर. मधे जाळी किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक असेल तर उत्तम. नजरभेट होत असताना दोघांनाही खायला द्यायचं, आणि सगळं ठीक चाललेलं असतानाच दार लावून घ्यायचं. बिघडेपर्यंत वाट बघायची नाही. मग आपण समोर असताना थोडा वेळ एकत्र. रात्री आणि घराबाहेर जाताना पुन्हा वेगळं.

पहिल्या भेटीत थोडं फिस्कारणं होणारच. एकदा फिस्कारून मान वळवली, दूर जाऊन बसलं, तर ते बोलून मोकळं झालं, एवढंच समजावं. मला जास्त धास्ती वाटते ती आवाज न करता एकटक बघणाऱ्या मांजराची. अंग जमिनीला टेकलेलं, शेपटीचं टोक आपटतंय, कान आडवे होतायत, ही हल्ल्याच्या आधीची शांतता असते. तेव्हा मध्ये उशी धरून नजर तोडायची आणि एक पायरी मागे यायचं.

बोक्यांच्या नसबंदीबाबत इथेच सांगितलेलं बरं. ऑपरेशन झालं की बोका दुसऱ्या दिवसापासून शांत होईल ही अपेक्षा चुकीची आहे. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात पिल्लं होण्याची शक्यताही उरते, म्हणून घरात नसबंदी न झालेली मादी असेल तर त्यांना वेगळं ठेवण्याची मुदत डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

भांडण नाही, उलट दुसरं मांजर जखम चाटत बसतं

फिस्कारणाऱ्यापेक्षा हे प्रेम महागात पडतं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात. त्यांनी टाके सैल होतात, कडा उघडतात, तोंडातले जंतू आत जातात. कॉलर फक्त स्वतःच्या जिभेपासून वाचवते, मैत्रिणीच्या जिभेपासून नाही. पोटावरची जखम असेल तर अंगात घालायचा ऑपरेशनचा सूट मिळतो, तो दोन्हींपासून आड करतो. मात्र तो ओला किंवा मळका राहू देऊ नये, आणि लघवीच्या वेळी मागची बाजू मोकळी राहते ना ते बघावं. काही मांजरं सूट चढवला की लाकडासारखी आडवी पडतात. दोन-चार तासांत सवय झाली नाही तर कॉलरच बरी. जखमेवर कडू मलम किंवा घरगुती काही लावू नये, ते चाटलं जातंच.

आई मांजरीची नसबंदी झाली आणि पिल्लं घरात आहेत, तर ती दूध शोधत थेट जखमेवर तोंड घालतात. भेटी समोर बसून, आणि किती वेळा ते डॉक्टरांना विचारून.

दोन मांजरांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं तर दोघंही एकाच वासाची असतील, म्हणून एकत्र ठेवू का? नको. ती एकमेकांचे टाके चाटतात, आणि सकाळी उलटी नाहीतर रक्ताचा थेंब दिसला तर तो कोणाचा ते कळत नाही.

एकटं ठेवलं की रडतं

काही मांजरांना एकटेपणा खरंच सोसत नाही. दारावर नखं मारतात, ओरडतात, उड्या घेतात, म्हणजे आराम मिळावा म्हणून कोंडलं तो हेतूच फसतो. अशा वेळी आधी आपण त्या खोलीत झोपावं. तेवढ्याने भागलं नाही आणि घरात एक मांजर असं असेल की जे ना फिस्कारतं, ना चाटतं, ना मस्ती करतं, तर त्या एकालाच आपल्या देखत आत सोडून बघावं. सगळ्यांना नाही. आणि तरीही शांत होत नसेल तर डॉक्टरांना सांगावं. वेदना किंवा भीती कमी करणारं औषध अशा मांजरांसाठी असतं, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

खाणं, औषध, लिटर

आलेल्या संध्याकाळी थोडंच खायला द्यावं. भुलीनंतर एखादी उलटी होऊ शकते. दुसऱ्या दिवशी भूक दिसायला हवी. २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करावा. मांजर उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साठू लागते, लठ्ठ मांजरात तर काही दिवसांतच ते जिवावर बेततं. कॉलरमुळे ताटलीपर्यंत तोंड पोचत नसेल तर पसरट ताटली किंचित उंच ठेवावी, किंवा समोर बसून जेवणापुरती कॉलर काढावी. खाणं थोडं कोमट केलं की वास सुटतो आणि मांजर पुढे येतं.

अन्नात मिसळलेलं औषध दुसऱ्याच मांजराने फस्त करणं, हा एकापेक्षा जास्त मांजरांच्या घरातला नेहमीचा घोटाळा. दार बंद, ताटली रिकामी होईपर्यंत आपण समोर, उरलेलं लगेच उचलायचं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही तितकंच वर्ज्य.

लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठीचा ट्रे, कमी काठाचा ठेवावा. बारीक, गुठळ्या होणारी माती जखमेला चिकटते, म्हणून बरं होईपर्यंत कागदाचे तुकडे किंवा कागदी लिटर. शी एक-दोन दिवस झाली नाही तर घाबरायचं कारण नाही. लघवीचं तसं नाही. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा. हे दाराबाहेरच्या, घरातल्या दुसऱ्या बोक्यालाही होऊ शकतं. घरातला ताण त्याच्याही मूत्राशयावर येतो, म्हणून त्यांच्या ट्रेकडेही रोज लक्ष हवं. ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एक जास्त, आणि सगळे एका ओळीत नाहीत.

परतलेलं मांजरच दुसऱ्यांवर धावतं

हे दिसलं की ओळखीचा विचार बाजूला ठेवून आधी वेदनेचा करावा. मांजर दुखणं लपवतं, पण चेहऱ्यावर थोडं उमटतंच. कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोकं अशा पाच गोष्टी बघतात. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे आवळलेले, तोंडाचा पुढचा भाग ताणलेला, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्यांच्या खाली गेलेलं, हे एकत्र दिसलं तर दुखतंय. प्रत्येकाला ० ते २ गुण, आणि १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामक लागण्याची शक्यता. मांजर जागं आणि निवांत असताना बघायचं, झोपेत किंवा खाताना नाही. तो फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तर फोनवरचं बोलणं नेमकं होतं.

जखमेची लाली, थोडी सूज पहिले काही दिवस चालते. टाक्यांखाली कधी छोटी घट्ट गाठ लागते, ती आत विरघळणाऱ्या दोऱ्याची असू शकते, दाखवून खात्री करावी. पू, दुर्गंधी, कडा उघडणं, थेंब थेंब गळणारं रक्त, पांढरट हिरड्या, झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, किंवा दुसऱ्या दिवशीही गुंगी, यातलं काहीही असेल तर थांबू नये.

टाके काढून आणल्यावर पुन्हा तेच

दवाखान्याचा वास पुन्हा आला, म्हणून भांडणही पुन्हा. ही फेरी टाळता येत असेल तर टाळावी. कातडीच्या आत विरघळणारे टाके घालता येतील का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारावं. ते शक्य नसेल तर टाके काढायच्या दिवशी दार पुन्हा लावायचं, पण या वेळी गोष्टी लवकर हलतात. भूल नसते, चाल नेहमीची असते. त्याच दिवशी मोजे आणि अंथरुणाची अदलाबदल, दाराशी जेवण, आणि सगळं शांत असेल तर दुसऱ्या दिवशी नजरभेट. दुसऱ्या मांजरालाही सोबत दवाखान्यात न्यावं म्हणजे दोघांना सारखाच वास येईल, ही युक्ती काही घरांत चालते. पण नेलेलं मांजर प्रवासात शांत राहणारं असलं तरच. कॅरियरमध्ये किंचाळणाऱ्याला नेलं तर घरी एकाऐवजी दोन बिथरलेली मांजरं येतात. कॅरियर वेगवेगळे ठेवावेत, आणि प्रत्येकात घरून निघतानाच सगळ्यांच्या अंगाखालचं एक न धुतलेलं कापड घालावं.